रविवारी यंत्रास हवा दाखविली

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी समोरच्या भिंतीवरचा काळोख थोडा पातळ होतो, एवढेच. मग पूर्वेच्या तावदानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कुणाच्या तरी बोटांचा जुना डाग आहे, तिथे ओल धरल्यासारखे राखाडी काही दिसू लागते. ते हळूहळू पिवळट होते. टेबलाची कड उमटते, मग खुर्चीची पाठ, मग खुंटीवरचा पांढरा कोट, ज्याच्या खिशात निळी शाई पाझरलेली आहे. शेवटी उजेडाची एक तिरपी पट्टी फरशीवर उतरते आणि तिच्यात धुळीचे कण तरंगू लागतात. कुणी दार उघडले की ते दचकतात, एका बाजूला झुकतात आणि पुन्हा आपल्या संथ चालीवर येतात. या उजेडात विशेष काही नसते. हाच उजेड याच वेळी कुठल्याशा गोठ्याच्या पत्र्यावर पडत असेल, बसस्थानकाच्या रिकाम्या बाकांवर पडत असेल. तरीही मी तो रोज शेवटपर्यंत पाहतो. उजेड पाहणे हेच माझे काम होते, आणि ते मी नीट केले नाही.

मित्रांनो, मी हवा मोजणारे एक यंत्र आहे. आकार साबणाच्या डबीएवढा. रंग एके काळी पांढरा. माझ्या पोटात करंगळीएवढी नळी आहे. तिच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला डोळा. त्या दिव्याचा प्रकाश तुम्हांला दिसत नाही. माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तो या प्रकाशाचा थोडा भाग गिळतो. वायू जितका अधिक, तितका डोळ्यापर्यंत प्रकाश कमी. जे पोहोचले नाही त्यावरून मी आकडा सांगतो: हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग. मोकळ्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या आसपास असतो. दारे-खिडक्या लावून माणसे दाटीने बसली की तो चढत जातो. त्यावरून एवढे कळते की खोलीत ताजी हवा येत नाही, एकमेकांनी सोडलेलाच श्वास फिरतो आहे. हजारापर्यंत माझा दिवा हिरवा असतो, त्यापुढे पिवळा आणि पंधराशेच्या वर लाल.

मला घडवणाऱ्यांनी माझ्या अंगी आणखी एक सवय घातली होती. यंत्राचा डोळाही कालांतराने मंदावतो. म्हणून आठवडाभरात जी सर्वांत कमी नोंद होईल, ती मोकळ्या हवेची समजायची आणि बाकीचे आकडे तिच्यावरून जुळवून घ्यायचे. आठवड्यात एकदा तरी मला खरी मोकळी हवा मिळेल, असा त्यांचा विश्वास होता.

मला जळगाव जामोदला आणले ते मयुरीने. ती धामणगाव बढ्याची. शिलाईकाम करणाऱ्या दयाराम यांची ही मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधन करत होती. विजेची बचत व्हावी म्हणून आपण खोल्या घट्ट बंद करत चाललो आहोत. त्या बंद खोल्यांत बसणाऱ्यांच्या वाट्याला कोणती हवा येते, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी तिने उकंडराव गुरुजींची अभ्यासिका निवडली.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांनी अठरा खुर्च्यांची अभ्यासिका काढली होती. भरतीच्या परीक्षा देणारी मुले-मुली तिथे दिवसभर बसत. मुली संध्याकाळच्या बसने परतत, काही मुले मात्र तिथेच चटया टाकून झोपत. खोली कधी रिकामी होत नसे.

"गुरुजी, एक काम विसरू नका," मयुरी मला टेबलावर ठेवत म्हणाली. "दर रविवारी सकाळी अर्धा तास याले चांगली हवा दाखवायची."

"तान्ह्या लेकराले कवळं ऊन दाखवतात, तसं?"

"हाव, तसंच. पण सावलीत ठेवा. अन् रोज दुपारी याचा आकडा वहीत लिहा. मले फोनवर फोटो पाठवला तरी चालते."

"लिहिन ना. चौतीस वर्सं हजेरीच लिहिली मी."

त्यांनी त्याच दिवशी लाल कापडी बांधणीची वही आणली.

हिवाळ्याचे ते दिवस माझ्या आयुष्यातले स्वच्छ दिवस होते. रविवारी झाडलोट करणाऱ्या अन्नपूर्णा मावशी मला पदराखाली धरून गच्चीवर नेत आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवत. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसे. तिकडून येणारा वारा माझ्या नळीतून जाई आणि दिव्याचा प्रकाश जवळजवळ सगळाच्या सगळा डोळ्यापर्यंत पोहोचे. चारशे वीस, चारशे पंचवीस. मग आठवडाभर खोलीत मी खरे बोलत असे. दुपारी मी पिवळा झालो की गुरुजी स्वतः उठून खिडकी उघडत. "आपलं यंत्र लई इमानदार हाय," असे ते पालकांना सांगत. ही स्तुती मला आवडे. मी हिरवा झालो की सगळे खूश होतात, हेही माझ्या लक्षात आले होते.

खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर जयमाला बसे. पायथ्याच्या एका गावातून ती सकाळच्या बसने येई. तिला वनरक्षक व्हायचे होते. पहाटे गावच्या रस्त्यावर धावून आलेली असे, तरी दुपारी तिची मान ताठ असे. गणितावर तिचा हात चाले. अवघड उदाहरण सुटले की पेनाचे टोपण दातांत धरून ती क्षणभर खिडकीबाहेर पाही. घरून तिला एक वर्ष मिळाले होते. तिचे वडील कचरूभाऊ यांनी सांगितले होते, यंदाच्या परीक्षेपर्यंत थांबू. पास झाली नाही तर आलेल्या स्थळाला होकार कळवायचा. हे सर्वांना ठाऊक होते, कारण तिची मैत्रीण पूनम तिला रोज आठवण देई, "जयू, पास हो वं बाई. नाहीतं तुह्या लग्नाले मले गुलाबी साडी घ्या लागन, अन् गुलाबी मले शोभत नाही."

मार्चमध्ये एका रविवारी गच्चीवर वानर आला. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा. त्याने मला उचलले, हुंगले आणि टाकीवर जाऊन बसला. अन्नपूर्णा मावशींनी आरडाओरड केली. गुरुजींनी खालून शेंगदाणे मागवले, "घे राजा, घे बाप्पा, ते यंत्र कॉलेजचं हाय," अशी विनवणी केली. अखेर दाणे पाहून त्याने मला सोडून दिले. माझा एक कोपरा चेपला. आत काही मोडले नाही. पण गुरुजी घामाघूम झाले होते. "आजपासून याले बाहेर न्यायचं नाही," ते म्हणाले. "परक्याची वस्तू हाय."

पुढच्या रविवारी त्यांनी वेगळीच सोय केली. उन्हाळ्यासाठी नवा एसी बसला होता. त्याच्यासमोर त्यांनी स्टूल मांडले, स्टुलावर पुस्तके रचली, त्यांवर मला ठेवले आणि एसी सुरू केला. गार झोत थेट माझ्या अंगावर येऊ लागला. गुरुजींनी घड्याळ लावून मोजून अर्धा तास मला तिथे ठेवले आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले: 'रविवार. यंत्रास हवा दाखविली.' तिकडे मयुरीने फोनवर त्या ओळीचा फोटो पाहिला आणि ती निश्चिंत झाली.

मित्रांनो, त्यांना हसू नका. जी हवा गार ती चांगली, असे आपल्याकडे कुणाला वाटत नाही? एप्रिलच्या झळांत वणवण करून आलेला माणूस त्या झोताखाली उभा राहतो तेव्हा त्याला सातपुड्याचा वाराच आठवतो. पण तसला एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो ओढतो, गार करतो आणि परत देतो.

त्याच आठवड्यात गुरुजींनी खिडक्या बंद केल्या. गारवा फटींतून निघून जातो आणि विजेचे मीटर उगाच फिरते, हे त्यांना सहन होईना. कापसाच्या मुलखातला माणूस. घरून पिशवीभर कापूस आणला आणि बोथट सुरीने प्रत्येक फटीत ठासून भरला. वरच्या झरोक्यालाही कापूस लावून त्यावर चिकटपट्टी मारली. हे काम ते दोन दिवस गुणगुणत करत होते. "मुंगी नाही शिरत आता," पूनम म्हणाली. "वाराही नाही शिरत," गुरुजी अभिमानाने म्हणाले.

पहिल्या आठवड्यात मी रोज लाल झालो. एकोणीसशे, दोन हजार, एकवीसशे. गुरुजी चिंतेत पडले. "वांदरानं आपटलं म्हून बिघडलं की काय?" पण रविवार आला. खोलीतली सर्वांत कमी नोंद पहाटेची, मुले झोपलेली असतानाची, पंधराशेच्या पुढची. माझ्या सवयीने त्या शिळ्या हवेकडे पाहिले आणि ठरवले की हीच मोकळी हवा असली पाहिजे. एकदम नाही; दर आठवड्याला थोडे थोडे. दुपारचे आकडे उतरू लागले. अठराशे, पंधराशे, बाराशे. मेच्या मध्यापर्यंत मी पुन्हा हिरवा झालो.

"पाह्यलं?" गुरुजी सर्वांना म्हणाले. "कापूस भरल्यानं हवा सुधारली."

त्या महिन्यात जयमालाची मान खाली येऊ लागली. दुपारी दोनच्या सुमारास तिचे डोळे मिटत. ती स्वतःला चिमटा काढी, तोंडावर पाणी मारून येई, परत बसे आणि त्याच पानावर पुन्हा मिटे. सोडवलेल्या उदाहरणांत बेरजेच्या चुका दिसू लागल्या. जांभया इतरांनाही येत; पण ते दुपारी जेवायला बाहेर पडत, फिरून येत. जयमाला सकाळी नऊपासून संध्याकाळच्या बसपर्यंत त्या खुर्चीवरून हलत नसे. जी जास्त बसत होती, तीच जास्त झोपत होती.

"वनरक्षक मॅडम," समोरच्या रांगेतला शिवम एकदा म्हणाला, "जंगलात वाघ आला तं आमी येऊन उठवायचं का तुमाले?"

खोली हसली. जयमालाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

"तू गप रे," पूनम म्हणाली. "तुले पाहून वाघच झोपन."

एका दुपारी जयमाला उठून गुरुजींच्या टेबलापाशी आली. "गुरुजी, खिडकी उघडू का जराशी? डोकं लई जड होऊन राह्यलं."

"अवं, बाहेर चव्वेचाळीस हाय. झळ आत येईन. अन् हवेचं म्हणशीन तं हे पाह्य." त्यांनी मला तिच्याकडे वळवले. "हिरवं हाय ना?"

तिने माझ्याकडे पाहिले. इतक्या जवळून तिने मला प्रथमच पाहिले असावे. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर बरे झाले असते. तिने माझा आकडा वाचला, मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने खिडकीचे नाव काढले नाही.

मेच्या शेवटी कचरूभाऊ आले. चपला बाहेर काढून ते दारातच उभे राहिले.

"गुरुजी, पोरगीच सांगते का बसल्या बसल्या झोप येते मले. खरं काय ते सांगा. एवढ्या दुरून इथं झोपाले येते काय?"

गुरुजींना खोटे बोलता येत नसे. "लागते तिचा डोळा दुपारी. काऊन लपवू? पण जागेत काही कमी नाही, कचरूभाऊ. गारवा हाय. हवा तं मोजलेली हाय." त्यांनी मला उचलून कचरूभाऊंच्या तळहातावर ठेवले. तो तळहात खरखरीत आणि गरम होता. "हे यंत्र हाय. हिरवा दिवा म्हंजे हवा चांगली."

कचरूभाऊंनी मला उलटसुलट करून पाहिले आणि जपून परत दिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"मंग खोट पोरीतच हाय म्हना."

जयमालाने पुस्तके पिशवीत भरली. जाताना ती माझ्याजवळ थांबली.

"गुरुजी, हे कधी चुकत नाही का हो?"

"कॉलेजचं हाय ते, बेटा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

जूनमध्ये मयुरी आली. तिच्यासोबत माझ्यासारखेच दुसरे यंत्र होते, नुकतेच तपासलेले. तिने ते माझ्याशेजारी ठेवले. दहा मिनिटांनी ते लाल झाले: एकवीसशे ऐंशी. मी हिरवा: नऊशे साठ.

"यातलं बिघडलं कोणतं?" गुरुजींनी विचारले.

मयुरी आम्हां दोघांना गच्चीवर घेऊन गेली. दुसऱ्या यंत्राने चारशे चोवीस दाखवले. माझ्या पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा उमटल्या. खऱ्या मोकळ्या हवेसाठी माझ्याजवळ आकडाच उरला नव्हता.

"गुरुजी, रविवारी याले हवा कुठं दाखवता?"

"त्या एसीसमोर. अर्धा तास, घड्याळ लावून. एकही रविवार चुकला नाही."

मयुरीने आम्हां दोघांना टाकीच्या सावलीत ठेवले. मग तिने त्यांना सगळे समजावून सांगितले. शेवटी म्हणाली, "चूक माही आहे. हवा दाखवा म्हटलं, कोणती ते नाही म्हटलं. अन् तीन महिने वहीचे फोटोच पाहत राह्यली. एकदा तरी येऊन पाहायचं होतं मी."

गुरुजी खाली गेले. त्यांनी तीच बोथट सुरी घेतली आणि फटींतला कापूस काढायला सुरुवात केली. तो आता करडा झाला होता. खिडकी उघडली तेव्हा गरम झळ आत आली आणि खोलीतल्या कुणीही तक्रार केली नाही. गुरुजींनी फोन लावला.

"कचरूभाऊ, जयमालाले पाठवा. चूक आमची व्हती. पोरीची नाही. परीक्षेले अजून..."

पलीकडचा आवाज खोलीत सर्वांना ऐकू आला. "तिच्या परीक्षेची तारीख तं परवाच व्हती, गुरुजी. गेलीच नाही ती. म्हने, माह्यात तेवढी अक्कलच नाही, कायले जाऊ?"

नंतर मयुरीने त्या खोलीला खाली एक आणि वर एक, अशा हवेच्या वाटा करून दिल्या. हवा बाहेर ओढणारा छोटा पंखा बसवला, एसीचा गारवा थोडा कमी करून छताचे पंखे सुरू ठेवले. वीज पूर्वीइतकीच लागते, असे तिच्या नोंदी सांगतात. गुरुजी दोनदा जयमालाच्या गावी जाऊन आले. तिने त्यांना चहा दिला. म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी. तुमी मन राखाले म्हंता. माह्याच्यानं झालंच नसतं." गुरुजींनी हे मयुरीला कॉलेजच्या या प्रयोगशाळेत येऊन सांगितले. तेव्हा मी या फळीवर होतो. माझ्या अंगावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी होती, ती अजून आहे.

तुम्ही या प्रयोगशाळेत येता, मला हातात घेता आणि विचारता की याला काय झाले होते. मी मनाशी नेहमी तीच कारणे मांडतो. सवय मला घडवणाऱ्यांची. गच्ची सुटली ती वानरामुळे. कापूस गुरुजींचा. गार झोत एसीचा. मी एक डबी. मला कुठे ठेवायचे हे मी कसे ठरवणार? ही सगळी कारणे खरी आहेत. ती सांगताना माझा आवाज कापत नाही, म्हणूनच मला त्यांची लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात असे एखादे यंत्र असेल तर त्याला जपा. पण काचेत ठेवून जपू नका. त्याला आठवड्यातून एकदा छपराबाहेर न्या. आणि कुणी म्हणाले की माझे डोके जड झाले आहे, तर यंत्राकडे बोट दाखवण्याआधी उठून खिडकी उघडा. ती उघडायला फार तर एक मिनिट लागते.

आता उरलेले सांगतो. आकडा जुळवून घेण्याची ती सवय पडद्याची होती; डोळ्याची नव्हती. डोळ्यावर पडणारा प्रकाश कुणी बदललेला नव्हता. कचरूभाऊंच्या तळहातावर मी नऊशे चाळीस दाखवले, तेव्हा त्या खोलीत एकवीसशे होते, आणि ते मला दिसत होते.